यंत्राची साक्ष आणि परतःप्रामाण्य

ज्ञान प्रमाण आहे हे कशावरून ठरते, या प्रश्नावर मीमांसक आणि नैयायिक यांच्यात शतकानुशतके चाललेला वाद आता पाठशाळांतील पोथ्यांपुरताच उरला आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी लंडन, रेडिंग किंवा मँचेस्टर येथील एखाद्या कचेरीत जावाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या आपल्या मराठी मुलामुलींचे काम जवळून पाहावे. लिनक्सवर चालणारे त्यांचे साधन, मग ते एक्लिप्स असो, इंटेलिजे आयडिया असो वा ग्रेडल असो, जेव्हा मंदावते किंवा अकस्मात बंद पडते, तेव्हा दुरुस्तीच्या आधी त्यांना प्रमाणशास्त्रातच शिरावे लागते. कारण समोर आलेल्या साक्षींपैकी कोणती ग्राह्य आणि कोणती त्याज्य, याची शहानिशा झाल्यावाचून दोषाला हात घालता येत नाही.

मीमांसक कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान उपजते तेच प्रामाण्य घेऊन. त्याचे बाधक असे दुसरे ज्ञान पुढे आले, किंवा ज्या कारणांपासून ते उपजले त्यांत दोष आढळला, तरच ते टाकावे. एरवी प्रत्येक ज्ञानाला जामीन मागितला तर त्या जामिनालाही जामीन लागेल आणि अनवस्था ओढवेल. नैयायिकांना हे मान्य नाही. दुरून दिसलेले पाणी खरोखर पाणीच होते हे जवळ जाऊन तहान भागल्यावर ठरते, म्हणजे प्रामाण्य परतः, बाहेरून, व्यवहाराच्या यशाने कळते, असे ते म्हणतात. हा विचार पाश्चात्त्य तत्त्वज्ञांपुढे त्यांच्याच परिभाषेत मांडणारे बिमलकृष्ण मतिलाल १९७६ पासून १९९१ साली निधन होईपर्यंत ऑक्सफर्ड येथे स्पॉल्डिंग प्राध्यापक होते, आणि १९६८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ नव्यन्यायातील अभावविचाराला वाहिलेला होता. अभावाचे ज्ञान कसे होते, हा प्रश्न संगणकाच्या दोषशोधनात किती निकडीचा ठरतो ते पाहण्याजोगे आहे.

जावाच्या प्रोसेसला स्वतःच्या हीपमधील, म्हणजे तिला वाटून दिलेल्या मेमरीतील, जागा अपुरी पडली, तर ती तसे लॉगमध्ये नोंदवू शकते, आणि आधी तशी आज्ञा दिलेली असल्यास हीपची प्रतही डिस्कवर ठेवते. पण साऱ्या संगणकाचीच मेमरी संपत आली, म्हणजे लिनक्सचे कर्नल एखादी प्रोसेस निवडून तिला ठार करते. ही निवड बहुधा सर्वांत अधिक मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसची, म्हणजे आज्ञावली लिहिणाऱ्याच्या यंत्रावर पुष्कळदा जावाच्याच एखाद्या साधनाची, होते, मग टंचाईचे मूळ कोठेही असो. ठार करण्याचा ९ क्रमांकाचा संकेत कोणत्याही प्रोसेसला अडवता येत नाही, त्यामुळे मरणाऱ्या प्रोसेसला अखेरची जबानी देण्याची सवडही मिळत नाही. मागे उरतो तो १३७ हा समाप्तीचा आकडा, १२८ मध्ये ९ मिळवून झालेला. लॉग रिकामा पाहून नवखा मनुष्य दोषच नव्हता असे अनुमान काढतो. परंतु शास्त्राची अट अशी की अनुपलब्धी योग्य असली पाहिजे, वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती असली पाहिजे; आणि येथे तर नोंद करणाराच नाहीसा झालेला असतो. खरी हकीकत कर्नलच्या दप्तरी असते, आणि पुष्कळ ठिकाणी ते दप्तर उघडण्याचा अधिकार साध्या वापरकर्त्याला नसतो.

साक्षीदार बोलू लागला तरी त्याची उलटतपासणी टळत नाही. वेळ कोठे खर्च होतो हे सांगणाऱ्या प्रोफाइलरांपैकी अनेक, प्रोसेसचे धागे ज्या ठरावीक जागी थांबवता येतात तेथेच नमुने घेतात. जकातनाक्यावर बसून गावची वर्दळ मोजणाऱ्या कारकुनाला आडवाटेने जाणारे दिसत नाहीत, तसेच हे. २०१० साली चार संशोधकांनी चार प्रचलित प्रोफाइलर तपासले, तेव्हा एकाच आज्ञावलीतील सर्वाधिक वेळ खाणारा भाग कोणता, यावर त्यांचे वारंवार एकमत होईना. निवाडा करण्यासाठी त्यांनी एखाद्या भागात मुद्दाम काम वाढवले आणि ते प्रोफाइलरला दिसते का हे पाहिले. न्यायशास्त्राचा प्रवृत्तिसामर्थ्याचा, म्हणजे व्यवहाराच्या यशाचा, निकष याहून निराळा नाही, आणि अनवस्थेच्या आक्षेपालाही माझ्या मते हेच पुरेसे उत्तर आहे.

ज्या ब्रिटनमध्ये संगणकशास्त्रज्ञ मॉरिस विल्क्स यांना १९४९ सालीच, केंब्रिजच्या एडसॅक यंत्रावर काम करताना, आपल्या उर्वरित आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्या आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार अशी जाणीव झाली, त्या देशाच्या कायद्याने मात्र यंत्राला निर्दोष मानले. संगणक नीट चालत होता हे पुरावा आणणाऱ्याने दाखवावे, ही १९८४ च्या कायद्यातील ६९ व्या कलमाची अट १९९९ च्या कायद्याने रद्द झाली, आणि विरुद्ध पुरावा नसल्यास यंत्र बरोबरच होते असे गृहीतक न्यायालयांत उरले. पुढे ब्रिटिश पोस्टाच्या होरायझन या संगणकीय प्रणालीतील हिशेबाच्या आधारे ९०० हून अधिक माणसे चोरी, अफरातफर व खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरली. त्या प्रणालीतील दोषांमुळे खात्यांत तूट दिसू शकत होती, हे डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मान्य केले. २०२१ साली अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी एकदम रद्द केली, आणि २०२४ साली उरलेल्यांसाठी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. तोवर काही माणसे या जगातून गेली होती.

हे गृहीतक कुमारिलांच्या सिद्धांतासारखे दिसते, पण त्याचा अर्धाच भाग घेते. स्वतःप्रामाण्य न्याय्य ठरते ते कारणदोष शोधण्याची वाट खुली असेल तेथे. जावाचा बहुतेक मूळ संहितासंच २००६-०७ मध्ये खुला झाल्यामुळे कोणाही जाणकाराला त्या तळापर्यंत जाता येते. होरायझनच्या ज्ञात दोषांची नोंदवही मात्र प्रणाली बांधणाऱ्या कंपनीच्या दप्तरी होती आणि आरोपींच्या हाती ती पडली नाही. बाधक ज्ञान कुलुपात ठेवून बाधक नाही म्हणून निकाल देणे हा मीमांसेच्याही दृष्टीने अन्याय आहे. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या न्याय खात्याने या गृहीतकाविषयी लोकांची मते मागवली. लॉग कधी गप्प बसतो आणि प्रोफाइलर कधी चुकतो हे जे रोज पाहतात, त्या तेथील मराठी संगणकतज्ज्ञांनी हा प्रश्न वकिलांवर सोडू नये: मूळ लॉग, दोषांची नोंदवही आणि आज्ञावलीतील बदलांचा इतिहास आरोपीच्या वकिलाला मागताच मिळाला पाहिजे, अशी मागणी त्यांनी आपल्या खासदाराकडे लेखी करावी.