परतीचा हक्क आणि मान्यतेचा झगडा

परदेशी स्थायिक होण्याचा विचार करताना प्रवेशपरवाना, रोजगार आणि नागरिकत्व यांवरच सहसा भर दिला जातो आणि या तिन्ही गोष्टी हाती आल्या की स्थलांतरिताचा मार्ग मोकळा झाला असे मानले जाते. हे गृहीतक किती अपुरे आहे याची साक्ष कोकणातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल समाजाचा इतिहास देतो. कारण प्रवेश आणि नागरिकत्व या समाजाला हक्क म्हणून मिळाले, तरीही तेथील समाजाचे पूर्ण घटक म्हणून मान्यता मिळवण्यासाठी त्याला पुढे दीर्घकाळ झगडावे लागले.

बेने इस्राएल हे मराठी मातृभाषेचे ज्यू होत. अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारी ही कुटुंबे शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पेणकर, किहीमकर, चेऊलकर ही त्यांची आडनावे कोकणातल्या गावांवरूनच पडली. पुढे यातील अनेकजण मुंबईत आले, 1796 मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी तेथे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, उभारले आणि लष्कर, रेल्वे, कचेऱ्या व शाळा यांतून हा समाज सुशिक्षित मध्यमवर्गात स्थिरावला. शेजाऱ्यांकडून धर्मापायी छळ न झालेल्या या माणसांनी 1948 नंतर घर सोडले, ते मुख्यतः श्रद्धेच्या आणि नव्या राष्ट्राविषयीच्या आशेच्या बळावर.

1950 च्या परतीच्या कायद्याने जगातील प्रत्येक ज्यूला इस्राएलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला. परंतु त्या काळी देशात शिधावाटप चालू होते, नवागतांना माबारा नावाच्या तात्पुरत्या वसाहतींत तंबूंत व पत्र्याच्या घरांत राहावे लागे आणि अनेकांची रवानगी नेगेव वाळवंटातील बीरशेबासारख्या गावी होई. मुंबईत कचेरीत बसणाऱ्या माणसाच्या हाती फावडे आले, हिब्रू येत नसल्याने त्याचे शिक्षण निरुपयोगी ठरले, आणि त्यात वर्णावरून दुजाभाव होत असल्याची भावना बळावली. 1951 मध्ये काहींनी तेल अवीवमध्ये धरणे धरून भारतात परत पाठवण्याची मागणी केली आणि पुढील वर्षी त्यांतील अनेकांना परत आणण्यात आले. मात्र त्यांच्यापैकी बरेचजण कालांतराने पुन्हा इस्राएलला गेले, यावरून त्यांचा राग त्या भूमीवर नव्हता, तिथे मिळालेल्या वागणुकीवर होता, हे स्पष्ट होते.

खरा आघात विवाहाच्या प्रश्नावर झाला. 1953 च्या कायद्याने ज्यूंचे विवाह व घटस्फोट रब्बींच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या, न्यायालयांकडे सोपवले होते, आणि कोकणातील ज्यूंनी घटस्फोटाचे धर्मनियम पिढ्यानपिढ्या काटेकोर पाळले असतील काय, अशी शंका काही रब्बींनी घेतली. 1962 मध्ये मुख्य रब्बी मंडळाने काढलेल्या आदेशानुसार बेने इस्राएल वधू अथवा वराची आई, आजी आणि त्याही मागे जमेल तितक्या पिढ्या तपासायच्या होत्या. लग्नाची नोंद करायला गेलेल्या मुलीने आपल्या पणजीच्या कुळाचा पुरावा आणायचा कोठून? खेडोपाडी विखुरलेल्या तेल्यांच्या वंशावळी कोणत्याच दप्तरात नव्हत्या. हा प्रश्न कागदपत्रांचा राहिला नाही. तो प्रतिष्ठेचा झाला. 1964 च्या उन्हाळ्यात या समाजाने जेरुसलेममध्ये आंदोलन केले, ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तेथील संसदेने, बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि त्यानंतर रब्बी मंडळाने आदेशातून या समाजाचे नाव वगळले.

या झगड्यात समाजाने आपले मराठीपण टाकून दिले नाही, ही बाब विशेष महत्त्वाची आहे. एलियाहू हन्नाबी, अर्थात संदेष्टा एलिया, याच्या नावाने केला जाणारा मलिदा, ज्यात भिजवलेले पोहे, गूळ व ओले खोबरे एकत्र कालवून फळांसह ताटात मांडतात आणि हिब्रू प्रार्थना म्हणून वाटतात, तो लग्नकार्यात आणि नवसफेडीच्या वेळी इस्राएलमध्येही होत राहिला. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक तेथूनच निघाले. दुसरीकडे, मुले हिब्रू शाळांत शिकली, सैन्यात गेली आणि घरातली मराठी पिढीगणिक क्षीण होत गेली. ही हानी खरी आहे आणि कोणत्याही ठरावाने ती भरून निघणारी नाही.

म्हणून स्थायिक होण्याची सारी जबाबदारी येणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. भाषा शिकणे, पडेल ते काम करणे, नव्या हवामानाला सरावणे हे स्थलांतरित करू शकतो आणि करतोही. परंतु त्याच्याकडे संशयाने पाहणारी व्यवस्था बदलणे हे यजमान समाजाचे कर्तव्य आहे. आपली मुले परदेशी सन्मानाने नांदावीत अशी इच्छा बाळगणाऱ्या आणि त्याच वेळी पोटासाठी मुंबई-पुण्यात येणाऱ्यांना परके ठरवू पाहणाऱ्या मराठी समाजाने हा आपल्याच माणसांचा इतिहास म्हणूनच वाचला पाहिजे आणि जो न्याय परक्या देशाकडे मागायचा, तो आपल्या दाराशीही द्यायला हवा.