मंत्र, विस्मरण आणि न्याय

टेबलाभोवती बसून खेळावयाच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (१९७४) या कथाखेळात मांत्रिकाला पाठ केलेला मंत्र उच्चारताच विसरावा लागे. जॅक व्हान्सच्या कथाविश्वातून आलेल्या या नियमात सामर्थ्याचे मोल विस्मरणाने चुकते होई. तरीही वरच्या पातळ्यांवर मांत्रिकापुढे योद्धा निष्प्रभ ठरे. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने योद्ध्यालाही दिवसातून एकदाच वापरावयाच्या शक्ती देऊन समता साधली. मात्र मंत्र आणि तलवार यांत भेद उरला कोठे, असा आक्षेप आला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत भेद परतला आणि त्याबरोबर जुना वादही. समान साधने दिल्याने न्याय होतोच असे नाही. कथेच्या घडणीत प्रत्येकाला निर्णायक वाटा मिळाला पाहिजे. म्हणून नियमबदलाची कसोटी एकच: कथेला वळण देण्याची संधी योद्ध्याला किती वेळा मिळाली?