कुंभारीण आणि अळी

कुंभारीण अळीला मातीच्या घरट्यांत कोंडते, आणि तिच्या ध्यासानें अळी कुंभारीणच होऊन बाहेर पडते. गुरुशिष्यांच्या ऐक्याचा हा भ्रमरकीटन्याय आपणां सर्वांस परिचित आहे. कीटकशास्त्र मात्र निराळें सांगतें. घरट्यांत अंडें घालून कुंभारीण नांगीनें लुळ्या केलेल्या अळ्या तेथें भरते. अंड्यांतून निघालेलें पिलू त्या जिवंत अळ्यांवर पोसतें, आणि शेवटीं पंख फुटून बाहेर पडतें तें तेंच. अळी केव्हांच संपलेली असते. यांत कुंभारणीचें क्रौर्य नाहीं, कारण तिला दुसरा मार्गच नाहीं. आम्हां अध्यापकांस तो आहे. म्हणून एखादा विद्यार्थी हुबेहूब आमच्यासारखा बोलूं लागला, म्हणजे धन्यता मानण्यापूर्वीं आम्हीं स्वतःस विचारावें: हा वाढला, कीं आम्हीं त्याला खाल्लें?