शेजारचा वाफा



आजचं चिंतन : गीता, अध्याय 3, श्लोक 13

जो फक्त स्वतःसाठी शिजवतो, तो पापच खातो, असं भगवंत इथे सांगतात. वाचताना वाटतं, हे काही आपल्यासाठी नाही. मलाही तसंच वाटायचं.

आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत आम्ही काही घरांनी वाफे वाटून घेतलेत. नळ एकच, पाइप एकच. एप्रिलमध्ये शेजारच्या काकू आठवडाभर दवाखान्यात ॲडमिट होत्या. मी रोज माझ्या मेथीला पाणी घालायचो आणि पाइप गुंडाळून ठेवायचो. दोन हातांवर त्यांची मिरचीची रोपं सुकत होती. दिसत होतं मला. पण वाफा त्यांचा ना!

काकू परत आल्या. वाळलेली रोपं उपटली आणि म्हणाल्या, "तुझी मेथी मात्र छान आलीय हं." त्या रात्री ती भाजी घशाखाली उतरेना.

पुढच्याच श्लोकात भगवंत म्हणतात, अन्न पावसातून येतं. मग पाणी तरी माझं कुठे होतं?

अरणच्या सावता माळ्यांना मळ्यातच विठ्ठल दिसला. त्यांच्या भेटीसाठी आजही पांडुरंगाची पालखी पंढरपूरहून अरणला जाते. मनात आलं, तो माझ्या वाफ्यात आला असता, तर त्या सुकलेल्या रोपांवरूनच आला असता.

आता मी पाइप आधी शेजारच्या वाफ्यात सोडतो. आज तुमच्या शेजारी काय सुकतंय, तेवढं बघा.

राम कृष्ण हरी.