नांगर, निढळ आणि अद्वैत

परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या काळ्या जमिनीत जो कास्तकार पिढ्यानुपिढ्या नांगर धरीत आला, त्याच्या तोंडच्या त्या एका शब्दात भेदाभेदाच्या पुरातन वादातील एक दाखला सुरक्षित राहिला आहे. संस्कृत ‘लाङ्गल’ शब्दात लकार दोनदा येतो. मराठीत उतरेपर्यंत पहिल्याचा नकार व दुसऱ्याचा रकार होऊन ‘नांगर’ सिद्ध झाला. ‘ललाट’ शब्दातही पहिल्या लकाराने आपली जागा अनुनासिकाला दिली, पुढे वर्णांची अदलाबदल झाली आणि ‘निढळ’ हे रूप आले. दैवाची अक्षरे तत्सम ललाटावरच राहिली, श्रमाचा घाम मात्र निढळाच्या वाट्याला आला. सदृश वर्णांच्या या दुरावण्यास भाषाशास्त्रात विषमीभवन म्हणतात.

ही केवळ अशिक्षित जिव्हेची सवलत म्हणावी, तर देववाणीतही हीच वहिवाट आहे. ‘धा’ धातूचे द्वित्व होताना ‘दधाति’ होते, ‘भू’चे ‘बभूव’. दोन महाप्राणांपैकी पहिला आपले महाप्राणत्व सोडतो, हे पाणिनीने सूत्रबद्ध केले आणि 1863 साली ग्रासमान या जर्मन पंडिताने संस्कृत व ग्रीक या दोन्ही भाषांसंबंधी नियमरूपाने मांडले.

आता प्रश्न असा, की ऐक्य म्हणजे एकसारखेपणा काय? लकार वेगळे झाले म्हणून शब्द दुभंगला नाही. उलट उच्चारास सुलभ होऊन तो टिकला. याच जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई विठ्ठलाशी इतकी एकरूप झाली, की जात्यावर तो तिच्या जोडीला बसतो अशी श्रद्धा रूढ झाली. तरी आपल्या अभंगांच्या मुद्रेत तिने नामदेवांच्या दासीचे नाते सोडले नाही. अनुभव अद्वैताचा असला, तरी प्रेमाच्या व्यवहाराला ‘मी’ आणि ‘तू’ लागतात, हे तिने जाणले होते.

यावर वेदान्ती आक्षेप घेईल, की वर्णांचा व्यापार अचेतन, त्यातून परमार्थाचा सिद्धान्त कसा निघावा? शिवाय ‘सप्त’चे ‘सत्त’ होऊन ‘सात’ झाले, तेथे विसदृश वर्णच सदृश बनले. आक्षेप रास्त आहे; भाषा दोन्ही मार्गांनी चालते, म्हणून भेदच श्रेष्ठ असा निवाडा तिच्या साक्षीवरून देता येणार नाही. परंतु सारखेपणावाचून ऐक्य असंभव, हा पक्ष मात्र तिच्यापुढे टिकत नाही; यास्तव ऐक्याच्या नावाने सर्वांवर एकच आचार लादू पाहणाऱ्याने त्याची आवश्यकता सिद्ध करण्याचा भार स्वतःच्या शिरावर घ्यावा.