दूरदेशी रुजलेले शब्द

सावकाश बसा. श्वासाला त्याच्या चालीनं चालू द्या. आता 'ध्यान' हा शब्द मनातल्या मनात म्हणा. 'ध्या' लांबू द्या, 'न'वर विसावू द्या.

पालीत हाच शब्द 'झान' झाला. भिक्खू आणि व्यापारी मध्य आशियातून चीनकडे निघाले, त्यांच्याबरोबर तोही गेला. तिथे त्याचं 'छान-ना' झालं, मग शेवटचं अक्षर गळून नुसतं 'छान' उरलं. जपानात तेच 'झेन'. उच्चार इतका झिजला, पण डोळे मिटून बसणं तेच राहिलं. या झिजण्याकडे थोडा वेळ पाहा. त्यात मला हानी दिसत नाही.

आता बोधिवृक्षाखाली बुद्धाला डिवचणारा मार आठवा. चिनी लिपीत त्याच्यासाठी वेगळं अक्षर नव्हतं, ते घडवावं लागलं. ते डोळ्यांसमोर आणा. वरच्या भागात तागासारख्या वनस्पतीचं चिन्ह, ते निव्वळ आवाजासाठी. खाली भुताचं चिन्ह, अर्थासाठी. 'मो' असं वाचलं जाणारं हे अक्षर आज जादूच्या प्रयोगांसाठीच्या चिनी शब्दातही आहे. जादूचा खेळ पाहायला निघालेल्या मुलाच्या तोंडी मार असतो, त्याला त्याची कल्पनाही नसते.

स्तूपासाठीही असंच नवं अक्षर झालं. 'क्षण' तर आजही तिथे 'छाना' म्हणून रोजच्या बोलण्यात आहे.

चिनी भिक्खू ह्युएन त्संग ६४५ साली भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन चांगआन या राजधानीत परतला. आपल्या महाराष्ट्राचंही वर्णन त्यानं लिहून ठेवलं आहे. कोणते शब्द भाषांतरित करू नयेत, याचे पाच नियम त्याच्या नावावर सांगितले जातात. जांभळाचं झाड चीनमध्ये नाही असं मानून 'जंबू'चा आवाजच ठेवायचा. हे कारण सरळ आहे. 'प्रज्ञा'चं तसं नाही. शहाणपणासाठी चिनीत शब्द होता, पण तो उथळ वाटला. आदर उणावू नये म्हणून परका ध्वनीच राखला. अनुवादकाची एवढी नम्रता मला फार मोठी वाटते.

तर आता 'प्रज्ञा' म्हणा. लगेच अर्थ लावू नका. हुशारी, अक्कल, शहाणपण असे एकेक शब्द तिच्या शेजारी ठेवा आणि उचलून घ्या. यांपैकी कशातच न मावणारं जे उरेल, त्याच्यापाशी हवा तितका वेळ राहा.