दिवस लहान, फेरी चालूच

जुलैच्या सुरुवातीला नवी मुंबईत सूर्य सव्वासातनंतर मावळतो. नोव्हेंबरअखेर सहालाच खाडीपलीकडे बुडतो. ऑफिसातून येऊन सायकल बाहेर काढेपर्यंत पाम बीच रोडवर दिवे लागलेले! फेरी सोडू नका, पहाटेवर न्या. मात्र एक ध्यानात घ्या. सर्वांत लहान दिवस डिसेंबरात येतो, तरी सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत लांबतच जातो, जवळपास सव्वासातपर्यंत. साडेसहाला निघालात तरी अंधारच. तेव्हा मागचा लाल दिवा हवाच हवा. वाशीहून बेलापूरकडे गाड्या भरधाव सुटतात आणि काळा टी-शर्ट चालकाला दिसत नाही, हे मला फार काळजीचं वाटतं. उजाडल्यावर सीवूड्सजवळ जरा थांबा. भरतीला खाडीतले रोहित पक्षी तिथल्या पाणथळीत येतात. भरतीची वेळ आदल्या रात्रीच बघून ठेवा.